कडूसं पडल्यावर खुराड्याचं दार कोण लावणार?

या आठवड्याचं पत्र:

ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. वय 41. कसबा बावड्यात भाड्यानं राहतो. ड्युटी तिन्ही शिफ्टला फिरती. पन्हाळ्याच्या पायथ्याला गावी माझ्या वाट्याची 18 गुंठे जमीन आहे. खालच्या आठ-दहा गुंठ्याला विहिरीची पाळी मिळते, वरचा तुकडा माळाचा. सातबारा अजून भावासोबत सामाईक आहे, तो पुण्यात असतो. घरची ब्लाऊज शिवते, मुलगी नववीत. आता गुडघे बोलायला लागलेत आणि भट्टीची धग सोसत नाही. वर्षभर व्हिडिओ बघून 500 गावरान कोंबड्या आणि दहा गुंठे स्ट्रॉबेरी असं मनात घेतलंय. एक कंपनी पिलं आणि खाद्य देते, अंडी हमीभावानं परत घेते म्हणते. त्यासाठी दीड लाख अनामत भरायची. पीएफमधून चारेक लाख निघतील. आई गावी असतेच. नोकरी सोडावी, की दोन्ही जमेल? घरची म्हणते तुम्हाला वेड लागलंय. तुम्ही सांगाल तसं करतो.

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मी एकाच वाक्यावर अडले. "आई गावी असतेच." कोंबड्या, स्ट्रॉबेरी, कंपनी, पीएफ यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय आणि आईवर फक्त तीन शब्द. पण तुमचा सगळा बेत त्याच तीन शब्दांवर उभा आहे.

तुम्ही सेकंड शिफ्टला असाल त्या आठवड्यात कडूसं पडेल, अंधारून येईल तेव्हा तुम्ही शिरोलीत साचा भरत असाल. कोंबड्या आपापल्या खुराड्यात येतील, त्यांना सांगावं लागत नाही. पण दार त्यांना लावता येत नाही. ते अर्धा तास उघडं राहिलं की मुंगूस येतो, रानमांजर येतं, गावातली मोकाट कुत्री येतात. रानमांजर एक कोंबडी नेऊन थांबतं, पण कुत्री आत शिरली तर पंधरा-वीस मारून टाकतात आणि खातही नाहीत. दिवसभरात कोंबड्यांचं काम तसं फार नसतं. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, एवढंच. पण ते वर्षाचे 365 दिवस त्याच वेळेला करावं लागतं. लग्नसराई, आजारपण, दिवाळी यातलं काहीही त्यातून सुटत नाही. फिरत्या शिफ्टच्या माणसाकडं पैसा असू शकतो, अंगात ताकद असू शकते, पण दर दिवशी तीच वेळ त्याच्या हातात नसते.

म्हणजे दार आई लावणार. अंडी आई गोळा करणार, पाणी आई भरणार, लंगडी कोंबडी आई बाजूला काढणार. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या वयावरून साठीच्या पुढची असावी. तिला विचारलंत का?

विचारताना 500 हा आकडा सांगू नका. "तुला किती झेपतील?" एवढंच विचारा आणि ती सांगेल तो आकडा धरा. मला वाटतं ती तीस-चाळीस म्हणेल. आपल्याकडच्या बायकांनी डालग्याखाली दहा-बारा कोंबड्या जन्मभर सांभाळलेल्या असतात, त्यांचा अंदाज व्हिडिओपेक्षा पक्का असतो. आणि आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरांत कोंबडी-अंड्याचा पैसा बाईच्या हातात राहायचा. दूध डेअरीचं बिल पुरुषाच्या नावावर, उसाचं बिल पुरुषाच्या नावावर, पण अंडं विकून आलेले चार पैसे तिच्या बटव्यात. त्यातून नातवाला खाऊ, एसटीचं तिकीट, दुखलंखुपलं भागायचं. तुम्ही तिथं "व्यवसाय" उभा केलात आणि हिशेबाची वही बावड्याला आणलीत, तर आईकडं राबणं तेवढं राहील आणि बटवा जाईल. असं करू नका. अंड्यांचा पैसा तिचा. खाद्य, लस, जाळी, दुरुस्ती हे तुमच्या पगारातून. कोंबडे विकून जे येईल ते तुम्ही घ्या. अशी वाटणी पहिल्या दिवशीच बोलून ठेवा.

आता अनामत मागणारी कंपनी. ठामपणे सांगते, एक रुपयाही भरू नका. कराराची कुक्कुटपालनं खरी असतात, आपल्या जिल्ह्यात ब्रॉयलरची आहेतच. तिथं कंपनी पिलं, खाद्य, औषध देते, शेतकरी शेड, पाणी, लाईट आणि मेहनत देतो आणि वाढलेल्या वजनावर किलोमागं पैसे मिळतात. ते काम हजारोंच्या शेडचं आणि पूर्ण वेळाचं आहे, तुमच्या 18 गुंठ्यांचं नाही. पण "आधी अनामत भरा, मग आम्हीच पिलं देतो आणि बाजारापेक्षा चढ्या भावानं अंडी परत घेतो" ही गोष्ट वेगळी. 2012 च्या सुमारास इमू पक्ष्याच्या नावावर लोक असेच बुडाले. 2019 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातून कडकनाथचं प्रकरण बाहेर आलं, त्यात आपल्या भागातल्या लोकांचेही पैसे अडकले. कडकनाथ कोंबडीचा त्यात काही दोष नव्हता. ती मध्य प्रदेशातल्या झाबुव्याची चांगली जात आहे, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. घोळ असा की अंडी खाणारं गिऱ्हाईक कुठंच नव्हतं. नवा माणूस भरायचा, त्याच्या पैशातून जुन्याची अंडी घ्यायची, आणि नवा माणूस मिळेना झाला की ऑफिसला कुलूप. तेव्हा कंपनीला एकच विचारा: ही अंडी शेवटी खातं कोण आणि किती रुपयाला? उत्तर सरळ आलं नाही तर चहा पिऊन उठा.

पिलांसाठी कुणापुढं हात पसरायची गरजही नाही. पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरातच आहे. वनराजा, गिरीराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जाती परसात चांगल्या राहतात. पिलं कधी आणि कोणत्या जातीची मिळतील याची चौकशी तिथं किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.

पण पहिल्या वर्षी एक दिवसाची पिलं घेऊ नका. हे मी सोसून सांगते. माझ्या पहिल्या लॉटला साठ पिलं होती, बल्बच्या उबेवर ठेवलेली. जानेवारीतली रात्र, दोनच्या सुमारास लाईट गेली आणि मी गाढ झोपलेली. पिलांना थंडी वाजली की ती एकमेकांवर चढतात, ऊब शोधत कोपऱ्यात घुसतात. खालची गुदमरतात. सकाळी बघितलं तर एकेचाळीस गेलेली. त्या टोपलीचं वजन अजून हाताला आठवतं. पहिल्या आठवड्यात पिलांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिलंच नीट सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, लांब पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय, सगळीकडं सारखी पसरली तर ठीक. हे बघायला रात्रीतून दोनदा उठावं लागतं. तुम्ही नाईटला, आई म्हातारी. म्हणून महिन्याभराची, पहिल्या लसी झालेली पिलं घ्या. नगाला पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी हात बसला की एक दिवसाची आणा.

आणायची कधी, यात खरी कमाई दडली आहे. आपल्या बाजाराला वर्षभर सारखी भूक नसते. आखाडात कोल्हापुरात गल्लोगल्ली त्र्यंबोलीची म्हणजे टेंबलाईची यात्रा निघते, तिला नव्या पाण्याचे कलश जातात आणि घरोघरी कोंबडं-मटण शिजतं. त्या तीन-चार आठवड्यांत गावरान कोंबड्याला जो भाव असतो तो पुढं श्रावण लागला की उतरतो. सरमिसळ पिलं घेतली तर जवळजवळ निम्मे नर निघतात. ते चार महिन्यांत विकण्याजोगे होतात. म्हणजे पिलं फेब्रुवारी-अखेरची जन्मलेली हवीत, तुमच्याकडं ती मार्चअखेर येतील. तेव्हा थंडी सरलेली असते, उबेचा खर्च नाही. नर आखाडात जातात. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतात, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या आसपास. त्यांचा हात बसेपर्यंत नवरात्र उलटतं आणि थंडीतली अंड्यांची मागणी सुरू होते. अधिक मास आला तर आखाड पुढं सरकतो, तेव्हा पंचांग बघून तारीख धरा. पशुवैद्यकाच्या वेळापत्रकात हे सापडणार नाही, पण पैसा याच्यावर आहे.

आता हिशेब, कारण तुमचा खरा प्रश्न नोकरीचा आहे. पन्नास माद्या धरू. परसातल्या सुधारित कोंबडीची वर्षाला 130 च्या आसपास अंडी धरली तर पन्नास कोंबड्यांची रोजची सरासरी अठरा अंडी पडते. पन्नास कोंबड्या म्हणजे पन्नास अंडी हे व्हिडिओतच. अंडं बारा रुपयाला गेलं तर 216 रुपये. एका कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅम खाद्य म्हणजे पाच किलो, किलोला 32 रुपये धरले तर 160. राहिले 56. मोकळं सोडून, हिरवा पाला, घरातलं खरकटं, तांदळाची कणी, मक्याची भरड असं करून खाद्याचा विकतचा भाग तिसऱ्या हिश्श्यानं कमी केला तर शंभराच्या वर राहतील. महिन्याला तीन हजार. त्यातून लस, मेलेल्या कोंबड्या, गळलेलं पत्रं वजा करा. शिवाय पहिले सहा महिने नुसता खर्च. भाव तुमच्याकडचे घालून हा हिशेब बायकोसमोर परत मांडा. त्या वेड म्हणाल्या त्या 500 ला आणि पीएफला म्हणाल्या असाव्यात. पन्नासला त्या कदाचित हसून हो म्हणतील.

तीन हजार हे आईच्या बटव्याला भरपूर आहेत. तुमच्या पगाराच्या जागी बसवायला ते काहीच नाहीत. म्हणून नोकरी सोडू नका आणि पीएफला हात लावू नका. पेन्शनची दहा वर्षं भरली असतील तर 58 व्या वर्षी तिचाही आधार आहे. कामगारानं शहराबाहेर थोडी जमीन करायची ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1933 मध्ये, तिथल्या सरकारनं अडीच कोटी डॉलर बाजूला काढून कामगारांसाठी अशा छोट्या वाड्यांची योजना आखली होती. पण तिचा मूळ विचारच असा होता की पगार नोकरीतून यावा आणि भाजी, अंडी, फळं वाडीतून. वाडीनं पगार द्यावा अशी अपेक्षाच नव्हती. आपल्याकडंही शाहू मिलच्या काळापासून गावाकडून सायकलीनं कामाला येणारी माणसं हेच करत आली.

पण गुडघ्यांचं आणि धगीचं तुम्ही लिहिलंय ते मी सोडून देत नाही. मला तर वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय, कोंबड्या नंतर आल्या. भट्टी सोडणं आणि नोकरी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोल्डिंगमधला इतक्या वर्षांचा माणूस इन्स्पेक्शनला, पॅटर्न स्टोअरला, डिस्पॅचला उपयोगी असतो. साहेबांशी बोला, कायम जनरल शिफ्ट मागा. एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यातही विचारा. पगार थोडा कमी आला तरी घ्या. गुडघे आत्ताच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हेही लक्षात घ्या की शेतीत बसून-उठून काम असतं. स्ट्रॉबेरी तर जमिनीलगतचं पीक, दुखऱ्या गुडघ्यांचा मोठा वैरी.

त्या स्ट्रॉबेरीकडं येते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपलं कोल्हापूर पावणेदोन-दोन हजार फुटांच्या दरम्यान. थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात रोपं लावली तर फळ डिसेंबरपासून, आणि फेब्रुवारी उलटून ऊन तापलं की फळ बारीक पडतं. इथल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातून रोपं नीट निघत नाहीत, दरवर्षी नवी आणावी लागतात. गादीवाफा, मल्चिंग पेपर, ठिबक, आणि हंगामात एक दिवसाआड पहाटे तोडणी. दहा गुंठ्यांत पाच-साडेपाच हजार रोपं बसतात. ती तोडणार कोण? परत आईच. म्हणून दहा गुंठे नकोच. हौस असेल तर 200 रोपं लावा. रोपाला पाव किलो फळ धरलं तरी हंगामात पन्नास किलो निघेल. कंपनीतल्या मित्रांना आणि बावड्यातल्या शेजाऱ्यांना विकून संपेल. चुकलात तरी घर बसणार नाही. ब्लूबेरी मात्र विसरा. तिला चांगली आम्लधर्मी जमीन लागते, आपल्या काळ्या रानात ती पिवळी पडून जाते.

तुमच्या जागेला माझं मन तुतीवर आहे. लोक तुतीला बेरी म्हणत नाहीत, कारण ती बांधावर फुकट खाल्लेली असते. पण एक विचार करा. शहराजवळच्या छोट्या शेतकऱ्यानं काय पिकवावं? जे लांबून येऊ शकत नाही ते. द्राक्ष, डाळिंब, सफरचंद ट्रकमधून कुठूनही येतात, त्या भावाशी तुम्ही भांडू शकत नाही. पिकलेली तुती सकाळी तोडली तर संध्याकाळी पाणी सुटतं. तिला ट्रक सोसत नाही, शीतगृहाचा उपयोग नाही, म्हणून मोठा व्यापारी तिच्या वाटेला जात नाही. तुम्ही पाऊण तासाच्या अंतरावर आहात. तिच्या नाजूकपणामुळंच ती तुमची आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला झाडाखाली जुनी साडी अंथरून फांद्या हलवायच्या, वाकायचं नाही, गुडघ्याला त्रास नाही. अर्धा-अर्धा पाव डब्यात भरून नऊपर्यंत रंकाळ्यावर फिरायला आलेल्या माणसांसमोर किंवा राजारामपुरीत ओळखीच्या दुकानात. आठवड्याआधी व्हॉट्सॲपवर सांगून ठेवा, म्हणजे डबा तुमच्या हातात येण्याआधीच विकलेला असेल.

लावायला काही कष्ट नाहीत. जूनमध्ये पाऊस धरला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची, वीतभर काडी खोचायची. रोपवाटिकेतून लांब फळाची जात मागा. रेशीमवाल्यांकडची पाल्याची जात आणलीत तर पाला भरपूर आणि फळ कमी असं होईल. सहा-सहा फुटांवर लावली तर दोन गुंठ्यांत पन्नास-साठ झाडं बसतात. दीड-दोन वर्षांत फळ दिसू लागतं. छाटून पाला काढला की नव्या फुटव्यावर परत फळ धरतं, त्यामुळं छाटणी दोन टप्प्यांत केली तर सगळी झाडं एकदम पिकत नाहीत, तुमच्या शिफ्टप्रमाणे विभागता येतात. आणि छाटलेला पाला वाया नाही. तुतीच्या पाल्यात प्रथिनं चांगली असतात, कोंबड्या तो आवडीनं टोचतात. झाडाखाली सावली, गळलेलं फळ, किडे, सगळं त्यांचंच. खाद्याचा तिसरा हिस्सा वाचवायचा म्हणाले तो इथून.

माळाच्या तुकड्याला कडेनं करवंद लावा. तुमच्या पन्हाळ्याच्या डोंगरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहेतच, चैत्र-वैशाखात बायका दुरड्या घेऊन शहरात येतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. तुम्ही कच्ची हिरवी करवंदं लोणच्याला विका आणि पिकलेली थोडी जेलीला ठेवा. मुळात तुम्हाला ती कुंपण म्हणून हवीत. दोन-तीन फुटांवर लावलेली करवंदाची जाळी चार-पाच वर्षांत अशी गच्च होते की कुत्रं शिरत नाही. बी वाळलं की उगवत नाही, म्हणून पिकलेल्या फळातलं ताजं बी लगेच पिशवीत टाकायचं. पाणी फक्त पहिले दोन उन्हाळे. जेली बाटलीत भरून विकायची ठरली तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, साधी नोंदणी करून घ्या, शिलाई करणाऱ्या घरच्या हातांना तो एक बरा जोडधंदा होईल, त्यांना हवा असेल तर.

कोंबड्या आणि फळ यांची एक गाठ जपून बांधा. ताजी विष्ठा झाडाला जाळते, आणि जमिनीलगतच्या फळाला लागली तर खाणाऱ्याला आजार. खुराड्यात अंथरलेल्या तुसासकट खत चार महिने कुजवा, मगच घाला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात कोंबडी एकदाही जाता कामा नये. तुतीत मोकळ्या सोडा, पण साडीवर पडलेलंच फळ विका, मातीतलं नाही. फळाच्या दिवसांत सकाळची वेचणी झाल्यावरच दार उघडा. तसंही नऊ-दहाच्या आधी कोंबड्या सोडू नयेत, त्यांची अंडी तोवर खुराड्यातच पडतात, नाहीतर आईला झुडपांत हुडकत फिरावं लागतं.

शेडचं थोडक्यात. पन्नास कोंबड्यांना दोन चौरस फुटांप्रमाणं दहा बाय दहाची जागा पुरे. शेड लांबट केलीत तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन आत येत नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा. मोठ्या भोकांची स्वस्त जाळी मुंगसाला दारासारखीच. आषाढातल्या संततधारेत तूस ओला झाला की रक्ती हगवण येते, तेव्हा तूस दोन दिवसाआड हलवायचा, ओला काढून टाकायचा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नका. महिन्याच्या पिलांना आधीच्या झालेल्या असतील, त्या कार्डावर लिहून घ्या. देवी रोगाची सहा-सात आठवड्यांना आणि मानमोडीची मोठी लस, आर-टू-बी, आठ ते दहा आठवड्यांना राहते. बाटली शंभर डोसांच्या पुढंच मिळते आणि बर्फात आणावी लागते, म्हणून गल्लीतल्या दोन-चार घरांच्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्या. त्यांच्या कोंबड्या वाचल्या तर तुमच्याही वाचतात, रोग बांध ओळखत नाही. थंडीत दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी घटतात. पहाटे तीन तास एक बल्ब लावला की परत वाढतात.

आणि पूर. तुमची जमीन उंचावर असेल, पण तुम्ही नदीच्या या अंगाला आहात. 2019 आणि 2021 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43. शिरोलीजवळ हायवे पाण्यात आणि केर्लीकडं रत्नागिरी रस्ता बंद. तेव्हा तुम्ही बावड्यात अडकाल आणि आई एकटी गावी असेल. जुलै लागायच्या आधी वीस दिवसांचं खाद्य पिंपात भरून फळीवर ठेवा, दोन बॅटऱ्या ठेवा, आणि शेजारच्या एका घराला सगळं काम दाखवून ठेवा. त्या घराला महिन्याला दोन डझन अंडी द्या. तुमच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, आईला ताप आला तर, दार लावायला तेच घर येईल.

सातबाऱ्याचं मात्र सगळ्यात आधी. सामाईक जमिनीवर शेड बांधली, झाडं मोठी झाली की भावाभावांतला शब्द बदलतो. तुमचा भाऊ चांगलाच असेल. पण पुढं त्याची मुलं, तुमची मुलगी आहे. पुण्याला फोन करून त्याला बोलवा, कोणता तुकडा कोणाचा याची रीतसर वाटणी करून, तलाठ्याकडं नोंद करून घ्या. तुतीची काडी त्यानंतर.

खर्चाचं म्हणाल तर दहा बाय दहाचं खुराडं, जाळी, भांडी, शंभर पिलं आणि सहा महिन्यांचं खाद्य एवढंच धरा. अंदाज गावातल्या गवंड्याकडून आणि खाद्यवाल्याकडून कागदावर घ्या. तो तुमच्या बोनसमध्ये आणि बिशीत बसत नसेल तर शंभरऐवजी साठ पिलं घ्या, पण कर्ज काढू नका. एकदा कणेरीच्या किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चक्कर मारा, मातीची तपासणी करून घ्या. घरच्यांनाही बरोबर न्या. त्यांनी ऐकलेलं तुम्ही ऐकलेल्यापेक्षा जास्त घरात टिकेल.

या रविवारी सुट्टी असेल तर दुपारी गावी जा आणि मुक्कामाला राहा. दिवेलागणीच्या वेळी आईसोबत पडवीत बसा आणि त्या वेळेला ती काय काय करते ते नुसतं बघा. गोठा, चूल, औषधाची गोळी, देवापुढं दिवा. त्यात खुराड्याचं दार कुठं बसतंय ते तुम्हालाच दिसेल. मग तिला आकडा विचारा. तिनं बारा म्हटलं तर बारा. काय म्हणाली ते मला कळवा, पिलं आणायच्या आधी लसीच्या तारखा तुमच्या शिफ्टच्या तक्त्यात बसवून लिहून पाठवते. तक्ता सोबत जोडा.

तुमची ताई